गर्भाशयमुखाच्या प्राथमिक अवस्थेतील कर्करोगाची प्रथिन-चिन्हके

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्रथिन-चिन्हके म्हणजे अर्बुदाच्या पेशींत किंवा रुग्णाच्या रक्तात आढळणारी अशी प्रथिने होत, की ज्यांच्या असण्या-नसण्यावरून अथवा कमी-अधिक प्रमाणावरून रोगाच्या पुढील वाटचालीचा अंदाज बांधता येतो. या अंदाजास वैद्यकशास्त्रात ‘पूर्वानुमान’ असे म्हणतात. आयुर्वेदातील साध्यासाध्य विचाराशी त्याचे नाते आहे; मात्र आधुनिक पूर्वानुमान संभाव्यतेच्या भाषेत मांडले जाते. ते रुग्णांच्या समूहाविषयी बोलते, एका रुग्णाविषयी निश्चित विधान करीत नाही.

हा रोग बोलीभाषेत ‘गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग’ म्हणून ओळखला जातो. तो गर्भाशयमुखापुरता मर्यादित असतानाच सापडला तर बहुतेक स्त्रिया पूर्ण बऱ्या होतात. तरीही त्यांपैकी काहींमध्ये रोग उलटतो. तो कोणात उलटेल हे आधीच ओळखता यावे, यासाठी गेल्या चार-पाच दशकांत अनेक प्रथिनांचा अभ्यास झाला. एससीसी प्रतिजन, पी१६, पी५३, एचआयएफ-१ आल्फा, पीडी-एल१ आणि केआय-६७ ही त्यांतील प्रमुख नावे होत. यांपैकी काही निदानाच्या आणि उपचारांच्या व्यवहारात रुळली आहेत. शस्त्रक्रियेनंतर पुढील उपचार द्यावेत की नाही, हा निर्णय मात्र आजही मुख्यतः सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या जुन्या निकषांवरच घेतला जातो.

प्राथमिक अवस्थेची व्याप्ती

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे टप्पे आंतरराष्ट्रीय स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र महासंघाच्या (फिगो) पद्धतीने ठरवले जातात. २०१८ मध्ये या पद्धतीत सुधारणा झाली. पहिल्या टप्प्यात रोग गर्भाशयमुखातच असतो. केवळ सूक्ष्मदर्शकानेच ओळखता येणारा आणि ५ मिलिमीटरपर्यंत खोल गेलेला रोग ‘१ए’ या उपटप्प्यात येतो; त्यातही ३ मिलिमीटरपर्यंतचा ‘१ए१’ आणि त्यापुढचा ‘१ए२’. त्याहून खोल गेलेला रोग ‘१बी’ होय. २ सेंटिमीटरपर्यंतची गाठ ‘१बी१’, २ ते ४ सेंटिमीटरची ‘१बी२’ आणि त्याहून मोठी ‘१बी३’ अशी त्याची विभागणी आहे. रोग योनिमार्गाच्या वरच्या भागात उतरला, पण गर्भाशयाच्या बाजूच्या ऊतींत शिरला नाही, तर तो ‘२ए’ ठरतो. सामान्यतः ‘१ए’ पासून ‘२ए१’ पर्यंतच्या, ४ सेंटिमीटरपेक्षा मोठ्या नसलेल्या गाठींना प्राथमिक अवस्था म्हटले जाते.

२०१८ पूर्वी लसीका ग्रंथींतील प्रसार टप्पा ठरवताना जमेस धरला जात नसे. नव्या पद्धतीत ग्रंथी बाधित असल्यास रुग्ण थेट ‘३सी’ टप्प्यात जाते. त्यामुळे जुन्या शोधनिबंधातील ‘१बी’ आणि आजचा ‘१बी’ हे एकच समजू नयेत. चिन्हकांवरील बरेचसे संशोधन २०१८ पूर्वीचे आहे. त्यातील रुग्णसमूहात आजच्या हिशेबाने तिसऱ्या टप्प्यातील स्त्रियाही असतात, हे वाचताना लक्षात ठेवावे लागते.

टप्पा एकच, वाटचाल भिन्न

हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन स्त्रीचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. १९५१ च्या आरंभी बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तिच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान झाले, तेव्हा तो पहिल्या टप्प्यातील मानला गेला होता. त्या काळच्या प्रथेप्रमाणे तिच्यावर रेडियमचे उपचार झाले. तरीही काही महिन्यांतच रोग शरीरभर पसरला आणि ४ ऑक्टोबर १९५१ रोजी वयाच्या ३१ व्या वर्षी तिचा मृत्यू झाला. तिच्या गाठीतून, तिची संमती न घेता, वाढवलेल्या ‘हेला’ पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरल्या जातात. तिचा कर्करोग आरंभी शल्की (चपट्या) पेशींचा समजला गेला होता. पुढे जुन्या काचपट्ट्या पुन्हा तपासल्यावर तो ग्रंथिल प्रकारचा असल्याचे आढळले. या पेशींत मानवी पॅपिलोमा विषाणूचा (एचपीव्ही) १८ वा प्रकार आहे, हे १९८० च्या दशकात उघड झाले.

टप्पा हे मुख्यतः गाठीचे मोजमाप होय. ती किती मोठी आहे आणि कुठवर पोहोचली आहे एवढेच तो सांगतो. तिच्या पेशी किती वेगाने वाढतात, ऑक्सिजनच्या अभावी तग धरतात काय आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीला कशा चकवतात, याची उत्तरे टप्प्यात नसतात. ती प्रथिनांच्या पातळीवर मिळतील, या अपेक्षेतून चिन्हकांचा शोध सुरू झाला.

निर्णयाचा पेच

प्राथमिक अवस्थेत शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार यांपैकी एक मार्ग निवडता येतो. इटलीतील लँडोनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘१बी’ व ‘२ए’ टप्प्यांतील ३४३ स्त्रियांची यादृच्छिक चाचणी प्रसिद्ध केली. दोन्ही गटांत पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ८३ टक्के, म्हणजे सारखेच होते. परंतु शस्त्रक्रिया झालेल्या गटात गंभीर उपद्रव २८ टक्के, तर केवळ किरणोपचार घेतलेल्या गटात ते १२ टक्के आढळले. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांना नंतर किरणोपचारही द्यावे लागले होते. दोन्ही उपचार एकाच शरीरावर झाले की मूत्राशय, आतडी आणि पायांवरील सूज यांचे त्रास वाढतात. अंडाशय शरीरात ठेवले असले तरी किरणोत्सर्गाने ते निकामी होऊ शकतात.

म्हणून शस्त्रक्रियेआधीच ‘हिला पुढे किरणोपचार लागणारच आहेत’ हे कळले, तर शस्त्रक्रिया टाळून थेट किरणोपचार व रसायनोपचार देता येतात. उलट, धोका खरोखरच कमी असल्याची खात्री पटली तर तरुण स्त्रीचे गर्भाशय वाचवून केवळ गर्भाशयमुख काढण्याची शस्त्रक्रिया करता येते. मूल हवे असलेल्या स्त्रीच्या दृष्टीने या अंदाजाचे मोल किती आहे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

रूढ निकष

चिन्हकांची तुलना ज्यांच्याशी करायची, ते निकष अमेरिकेतील दोन चाचण्यांतून स्थिर झाले. सेडलिस व सहकाऱ्यांच्या १९९९ मधील चाचणीत ‘१बी’ टप्प्यातील, लसीका ग्रंथी निरोगी असलेल्या २७७ स्त्रिया होत्या. गाठीचा मोठा आकार, गर्भाशयमुखाच्या भित्तिकेत खोलवर शिरकाव आणि रक्तवाहिन्या वा लसीकावाहिन्यांत पेशींचा प्रवेश या गोष्टी ठरावीक प्रमाणात एकत्र आल्या असतील, अशाच स्त्रियांची निवड केली होती. किरणोपचार घेतलेल्यांत रोग उलटण्याचे प्रमाण १५ टक्के, तर न घेतलेल्यांत २८ टक्के होते. पीटर्स व सहकाऱ्यांच्या २००० मधील चाचणीत ग्रंथी बाधित असणे, गर्भाशयालगतच्या ऊती बाधित असणे किंवा कापलेल्या कडेवर कर्करोग असणे, यांपैकी एक तरी धोका असलेल्या स्त्रिया होत्या. किरणोपचाराला रसायनोपचाराची जोड दिल्यावर त्यांचे आयुष्यमान सुधारले.

यांतील लसीका ग्रंथींचा निकष सर्वांत प्रबळ आहे. एखादे नवे प्रथिन उपयुक्त ठरायचे, तर या निकषांतून आधीच कळते त्यापेक्षा अधिक काही त्याने सांगितले पाहिजे. बहुतेक चिन्हके या कसोटीवर मागे पडतात.

ऊतींतील प्रथिने पाहण्याची पद्धत

रक्तातील प्रथिने रक्ताच्या नमुन्यात मोजली जातात. ऊतींतील प्रथिनांसाठी प्रतिरक्षा-ऊतिरसायन तपासणी करतात. रुग्णालयांत ती ‘आयएचसी’ या नावाने परिचित आहे. बायॉप्सीत किंवा शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टिकवून मेणात बसवतात. त्याचे काही सहस्रांश मिलिमीटर जाडीचे काप काचपट्टीवर घेऊन त्यावर विशिष्ट प्रथिनालाच चिकटणारे प्रतिपिंड सोडतात. रासायनिक अभिक्रियेने त्या जागी तपकिरी रंग उमटतो आणि उर्वरित पेशिकेंद्रके निळसर दिसतात. किती टक्के पेशी रंगल्या, रंग किती गडद आहे आणि तो केंद्रकात आहे, पेशीद्रवात आहे की पेशीच्या आवरणावर, हे विकृतिशास्त्रज्ञ डोळ्यांनी पाहून नोंदवतो. या नोंदीत माणसागणिक थोडा फरक पडतो. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये पडायला उशीर झाला किंवा तो त्यात वाजवीपेक्षा अधिक काळ राहिला, तरी निकाल बदलू शकतो.

विषाणूजन्य प्रथिने, पी५३ आणि पी१६

गर्भाशयमुखाच्या बहुतेक सर्व कर्करोगांचे मूळ एचपीव्हीच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गात असते. सुमारे ७० टक्के रुग्णांत १६ व १८ हे दोन प्रकार सापडतात. हा कार्यकारणसंबंध उलगडल्याबद्दल जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

विषाणूची ई६ आणि ई७ ही दोन प्रथिने पेशीचे लगाम सोडवतात. ई६ हे पी५३ या रक्षक प्रथिनाचा नाश घडवून आणते. इतर अनेक कर्करोगांत पी५३ च्या जनुकात बिघाड होतो आणि सदोष प्रथिन पेशीत साचते, म्हणून तेथे त्याचा रंग गडद उमटतो. गर्भाशयमुखात मात्र जनुक बहुधा निर्दोषच असते. विषाणू प्रथिनालाच संपवतो. त्यामुळे स्तन वा आतड्याच्या कर्करोगावरून पी५३ विषयी बांधलेले आडाखे येथे लागू पडत नाहीत. या रोगातील पूर्वानुमानासाठी पी५३ चे निष्कर्ष परस्परविरोधी राहिले, त्याचे हे एक कारण होय.

ई७ हे रेटिनोब्लास्टोमा प्रथिनाला निष्प्रभ करते. ते प्रथिन पी१६ च्या निर्मितीला आळा घालीत असल्याने, आळा सुटताच पी१६ मोठ्या प्रमाणात साचते. म्हणजे पी१६ चा सलग, गडद रंग हा एचपीव्हीच्या सक्रियतेची खूण ठरतो. एरवी पी१६ हे पेशीविभाजन थांबवणारे प्रथिन आहे; येथे ते भरपूर असूनही पेशी थांबत नाही, कारण ज्याच्यामार्फत त्याने काम करायचे तो दुवाच ई७ ने तोडलेला असतो.

पी१६ असलेल्या रुग्णांचे पूर्वानुमान, ते नसलेल्यांपेक्षा सामान्यतः बरे असते. विषाणूशी संबंध नसलेले कर्करोग संख्येने थोडे, पण स्वभावाने अधिक घातक असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या वर्गीकरणात गर्भाशयमुखाचे कर्करोग ‘एचपीव्हीशी संबंधित’ आणि ‘एचपीव्हीशी असंबंधित’ असे विभागले आहेत. दुसऱ्या गटातील जठरसदृश ग्रंथिल कर्करोग विशेष कुप्रसिद्ध आहे. त्यात पी१६ बहुधा नसते, पी५३ च्या जनुकात बिघाड आढळू शकतो, आणि गाठ लहान वाटत असतानाच रोग ओटीपोटात पसरलेला असू शकतो. एका प्रथिनाच्या रंगाने डॉक्टरांनी सावध व्हावे, असे हे ठळक उदाहरण आहे.

एससीसी प्रतिजन

शल्की पेशींच्या कर्करोगासाठी सर्वाधिक वापरले जाणारे रक्तातील चिन्हक म्हणजे एससीसी प्रतिजन. जपानमधील काटो व तोरिगोए यांनी १९७७ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या ऊतींतून ते वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. प्रथिने तोडणाऱ्या विकरांना आवर घालणाऱ्या ‘सर्पिन’ कुळातील दोन जवळजवळ सारखी प्रथिने मिळून हे प्रतिजन बनते. त्यांची जनुके १८ व्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आहेत. निरोगी शल्की पेशींतही ती असतात. कर्करोगात ती रक्तात उतरतात.

रक्तातील पातळीची मर्यादा बहुधा दर मिलिलिटरला १.५ नॅनोग्रॅम धरली जाते. काही ठिकाणी २ धरतात. टप्पा जितका पुढचा, तितके वाढीव पातळी असलेल्या रुग्णांचे प्रमाण अधिक असते. पहिल्या टप्प्यात अनेक स्त्रियांची पातळी सामान्यच असते. म्हणून निरोगी स्त्रियांच्या चाळणी तपासणीसाठी ही चाचणी उपयोगाची नाही. ती सामान्य आली म्हणून कर्करोग नाही असे मानणे धोक्याचे आहे.

पूर्वानुमानात मात्र तिला स्थान आहे. उपचारापूर्वी पातळी वाढलेली असेल, तर गाठ मोठी असण्याची, शिरकाव खोल असण्याची आणि लसीका ग्रंथी बाधित असण्याची शक्यता वाढते. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथील संशोधकांनी दाखवून दिले, की एकाच टप्प्यातील स्त्रियांत ज्यांची पातळी शस्त्रक्रियेआधी वाढलेली होती, त्यांना नंतर किरणोपचार लागण्याचे प्रमाण बरेच अधिक होते. वर सांगितलेल्या पेचात हे चिन्हक असे थेट कामी येते. उपचार यशस्वी झाल्यावर पातळी झपाट्याने उतरते. पुढे ती सतत चढू लागली, तर रोग उलटल्याचा इशारा लक्षणे दिसण्यापूर्वीच मिळू शकतो. असा इशारा लवकर मिळाल्याने आयुष्य वाढते काय, हे मात्र सिद्ध झालेले नाही.

या चाचणीच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. सोरायसिस, इसब यांसारखे त्वचारोग आणि मूत्रपिंडाचे विकार यांत पातळी कर्करोगाविनाही वाढते. नमुन्यात हाताळणाऱ्याची त्वचा वा लाळ मिसळली तरी आकडा फुगतो. ग्रंथिल कर्करोगात ती बहुधा वाढत नाही. तेथे सीए-१२५ आणि सीईए यांचा आधार घेतात.

ऑक्सिजनची टंचाई आणि एचआयएफ-१ आल्फा

गाठ वाढते तशी तिच्या अंतर्भागात रक्तवाहिन्या पुरत नाहीत. अशा टंचाईत पेशी एचआयएफ-१ आल्फा हे प्रथिन टिकवून धरतात. एरवी ते काही मिनिटांत नष्ट होते. ते साचले की नव्या रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या व्हीईजीएफसारख्या प्रथिनांची जनुके जागी होतात. पेशी ऑक्सिजनची पातळी कशी ओळखते, या शोधासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

जर्मनीतील मायन्झ येथे हॉकेल व सहकाऱ्यांनी गाठीत सूक्ष्म विद्युदग्र घालून प्रत्यक्ष ऑक्सिजन मोजला होता. कमी ऑक्सिजनच्या गाठी अधिक घातक असतात, आणि केवळ शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांतही हे दिसते, असे त्यांनी १९९६ मध्ये मांडले. यातून महत्त्वाचा मुद्दा पुढे आला. ऑक्सिजनअभावी किरणोपचार निष्प्रभ होतो हे आधीच ठाऊक होते. पण टंचाई पेशींनाच अधिक आक्रमक बनवते, असा याचा अर्थ होता. २००० मध्ये व्हिएन्ना येथील बिर्नर व सहकाऱ्यांनी ‘१बी’ टप्प्यातील ९१ स्त्रियांच्या ऊती तपासल्या. एचआयएफ-१ आल्फा विपुल असलेल्यांचे पूर्वानुमान वाईट असल्याचे त्यांना आढळले. नंतरच्या सर्वच अभ्यासांत हा निष्कर्ष तितक्या स्पष्टपणे मिळाला नाही, आणि ही तपासणी रोजच्या व्यवहारात आलेली नाही.

पीडी-एल१

पीडी-एल१ हे पेशीच्या आवरणावरील प्रथिन टी-पेशींना थोपवते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हीरेन व सहकाऱ्यांच्या डच अभ्यासात एक लक्षणीय गोष्ट आढळली. शल्की पेशींच्या कर्करोगात पीडी-एल१ गाठभर पसरलेले असेल, तर पूर्वानुमान वाईट. पण ते केवळ गाठीच्या कडेला असेल, तर चांगले. कडेवरचे प्रथिन हे बहुधा टी-पेशींशी तेथे चाललेल्या झुंजीची प्रतिक्रिया असते, तर सर्वत्र पसरलेले प्रथिन हा पेशींचा अंगभूत गुण असतो. केवळ ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशी नोंद केली असती, तर हा भेद हाती लागला नसता.

येथे दोन संज्ञांची गल्लत होते. उपचार कोणताही असो, रोगाचे भवितव्य सांगणारे चिन्हक पूर्वानुमानसूचक होय. अमुक औषध लागू पडेल की नाही हे सांगणारे चिन्हक प्रतिसादसूचक होय. पीडी-एल१ चा आजचा वापर दुसऱ्या प्रकारचा आहे. उलटलेल्या वा दूर पसरलेल्या रोगात पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध देण्यापूर्वी ते तपासले जाते. प्राथमिक अवस्थेत शस्त्रक्रियेनंतरचा निर्णय त्यावर घेतला जात नाही.

इतर प्रथिने

केआय-६७ हे विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशींतच आढळते. १९८३ मध्ये जर्मनीतील कील येथे त्याचे प्रतिपिंड तयार झाले. नावातील पहिली अक्षरे त्या शहराची आहेत. स्तनाच्या कर्करोगात ते उपयुक्त असले तरी येथे फारसे चालत नाही, कारण ई७ मुळे बहुतेक गाठींत ते मुळातच भरपूर असते. पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणाऱ्या ई-कॅडहेरिनचा ऱ्हास, तसेच कॉक्स-२ आणि ईजीएफआर यांची वाढ, यांचा वाईट पूर्वानुमानाशी संबंध काही अभ्यासांत दिसला आहे. डी२-४० या प्रतिपिंडाचे काम वेगळे आहे. ते लसीकावाहिन्यांचे अस्तर रंगवते, त्यामुळे वाहिन्यांत शिरलेल्या कर्करोगपेशी नजरेतून सुटत नाहीत. म्हणजे ते रूढ निकषच अधिक अचूक करते.

अभ्यासांतील उणिवा

चिन्हकांवरील शोधनिबंध विपुल आहेत, त्यांतून व्यवहारात उतरलेले निष्कर्ष मात्र थोडे. याचे एक कारण साध्या अंकगणितात आहे. समजा, एका रुग्णालयातील १२० स्त्रियांचा अभ्यास केला आणि त्यांपैकी १५ टक्क्यांत रोग उलटला, तर प्रत्यक्ष घटना १८ च होतात. संख्याशास्त्राच्या रूढ संकेतानुसार एका घटकाच्या पडताळणीसाठी सुमारे दहा घटना हव्यात. १८ घटनांवर पाच प्रथिने, गाठीचा आकार, वय आणि ग्रंथी यांचा एकत्रित विचार करणे म्हणजे वाळूवर इमला बांधणे होय. प्राथमिक अवस्थेत रोग क्वचित उलटतो, ही रुग्णांच्या दृष्टीने सुदैवाची बाब संशोधकाची अडचण ठरते.

दुसरी उणीव सीमारेषेची. किती टक्के पेशी रंगल्या म्हणजे ‘अधिक’ म्हणावे? कोणी १० टक्के धरतो, कोणी ५०. आपल्याच आकडेवारीत फरक सर्वांत ठळक दिसेल तेथे रेषा ओढली, तर योगायोगही नियमासारखा भासतो. शिवाय संबंध आढळला तर निबंध छापून येतो, न आढळल्यास बहुधा तो कपाटातच राहतो. या गोष्टींना शिस्त लावण्यासाठी २००५ मध्ये ‘रिमार्क’ नावाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. रुग्ण कसे निवडले, सीमारेषा आधी ठरवली होती काय आणि रूढ निकष जमेस धरूनही संबंध टिकला काय, हे निबंधात सांगावे असा त्यांचा आग्रह आहे. असा निबंध वाचणाऱ्या विद्यार्थ्याने प्रथम हेच तीन प्रश्न विचारावेत.

भारतातील संदर्भ

भारतीय स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाखालोखाल हा कर्करोग आढळतो. २०२२ च्या अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे सव्वा लाख नवे रुग्ण आढळतात. येथील बहुसंख्य स्त्रिया रोग पुढे सरकल्यावरच रुग्णालयात पोहोचतात. त्यामुळे प्राथमिक अवस्थेतील चिन्हकांवर मोठे अभ्यास करण्याइतके रुग्ण एका जागी मिळणे कठीण जाते. रोग लवकर सापडावा यासाठीचे मोलाचे काम मात्र महाराष्ट्रात झाले आहे. पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनेही पुढच्या टप्प्यांतील कर्करोग आणि मृत्यू सुमारे निम्म्याने घटल्याचे दिसले. मुंबईच्या वस्त्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने प्रशिक्षित आरोग्यसेविकांकरवी व्हिनेगर लावून केलेल्या साध्या तपासणीने या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तो निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

जिल्ह्याच्या गावी बायॉप्सी आणि उपचार मुंबई वा पुण्यात, असा अनेक रुग्णांचा प्रवास असतो. पी१६ किंवा पीडी-एल१ या तपासण्यांसाठी बहुधा नव्याने तुकडा काढावा लागत नाही; पहिल्या बायॉप्सीच्या मेणठोकळ्यात पुरेशी ऊती शिल्लक असेल, तर त्या तिच्यावरच होतात. हे ठोकळे आणि काचपट्ट्या मूळ प्रयोगशाळेत जपून ठेवलेले असतात. लेखी मागणी केल्यास ते रुग्णाला मिळतात आणि अहवालासोबत नव्या रुग्णालयात नेता येतात.